शब्द जाण्याचा नियम

"खाली उतरताना मोठ्यानं बोलू नका. खाली कोणी तरी ऐकून राहिलं आहे." हे वाक्य सुमतीनं सीताबर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ऐकलं आणि तिच्या हातातलं आधार कार्ड निसटून खाली पडलं. नोव्हेंबर महिना होता, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, आणि दुकानासमोर तिच्यासारखेच सातआठ जण आपापल्या हयातीचे कागद घेऊन उभे होते. वाक्य वाचणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. मशीनमधून निघालेली गरम पानं क्रमानं लागली आहेत का हे ती पाहत होती आणि पाहता पाहता अर्धवट मोठ्यानं वाचत होती. सुमतीनं वाकून कार्ड उचललं. कानात गरम हवा शिरल्यासारखं झालं. पुढचं वाक्य काय आहे ते तिला माहीत होतं. त्याच्या पुढचंही. पानाच्या डाव्या कोपऱ्यात टाइपरायटरचा 'ळ' अर्धा उठला असणार, कारण तिच्या जुन्या ऑफिसातल्या टाइपरायटरचा 'ळ' मोडका होता. तिनं मान लांब करून पाहिलं. 'ळ' अर्धाच होता. "हे कोणाचं आहे?" तिनं विचारलं. मुलीनं हसून पानं छातीशी धरली. "काकू, हा एक खेळ आहे. 'मुक्याची बारव'. आमच्याकडे क्लासिक मानतात. कोणी लिहिला माहीत नाही. एक प्रोफेसर होते म्हणे इंजिनिअरिंगचे, ते वारले." "वारले नाहीत," सुमती म्हणाली. "मग कुठे असतात?" मुलीनं एकदम उत्सुकतेनं विचारलं. "रांगेत," ती म्हणाली. "तुझ्यामागे."

त्या मुलीचं नाव दामिनी. आठवड्याभरात ती सुमतीला शंकरनगरजवळच्या एका दुकानाच्या माडीवर घेऊन गेली. तिथे ऋषिकेश नावाचा तिशीतला तरुण टेबलाभोवती बसून खेळायचे गोष्टींचे खेळ छापायचा. म्हणजे असे खेळ, ज्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि संकट आलं की फासे टाकून पुढचं ठरतं. ऋषिकेशनं सुमतीला पाहिल्याबरोबर खुर्ची पुसून दिली. त्याच्याकडे 'बारवे'च्या चार वेगवेगळ्या झेरॉक्स होत्या, एक अमरावतीहून, एक वर्ध्याच्या होस्टेलमधून आलेली, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं मुंग्यांसारखी फुटलेली. तिच्या अडतीस पानांनी तिच्या नकळत इतका प्रवास केला होता. "काकू, हे छापायचंच," तो म्हणाला. "तुमच्या नावानं. कव्हर, चित्रं, सगळं नीट. फक्त एक सवाल आहे. सिस्टिम कोणती?" सुमतीला आधी कळलं नाही. त्यानं समजावलं. गोष्ट तीच राहील. पण आज जगभर लोक ज्या मोठ्या विलायती नियमांवर खेळतात, वीस बाजूंचा फासा, प्रत्येक पात्राला अंगातल्या बळाचे आकडे, मार लागला की आकडा कमी, त्या नियमांवर 'बारव' बसवली तर बंगळुरूचा एक मोठा वितरक घ्यायला तयार आहे. इंग्रजीतही निघेल. "नाही तर तुमचे ते जुने नियम. चिंचोक्यांचे. ते छान आहेत, पण..." तो थांबला. सुमतीनं त्याचं वाक्य मनात पुरं केलं. तिला ते पुरं करायची छत्तीस वर्षांची सवय होती.

तिचा मोठा भाऊ श्रीधर सत्याऐंशी साली कंपनीच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला जाऊन आला तेव्हा त्यानं येताना चॉकलेटं आणि एक चपटा खोका आणला होता. खोक्यात इंग्रजी पुस्तिका आणि रंगीत फासे. दिवाळीच्या चार दिवसांत त्यानं घरातल्या सगळ्यांना बसवून एकदा खेळ खेळवला. पाचव्या दिवशी त्याचा उत्साह संपला. सुमतीचा संपला नाही. ती तेव्हा ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडसेट, समोर छिद्रांचा उभा बोर्ड, हातात दोऱ्या. दिवसभर ती दोन माणसांना जोडून द्यायची आणि स्वतः बाजूला व्हायची. बोलायची वाक्यं ठरलेली. नंबर सांगा. लाइन व्यस्त आहे. तीन मिनिटं झाली. त्यापलीकडे गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलला तर सुपरवायझर मागे येऊन उभी राहायची. आणि मग एसटीडी आलं, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले, बोर्डावरचे दिवे विझत गेले, आणि सहा बायकांकडे डब्याच्या सुट्टीत बोलायला खूप काही आणि वेळही खूप उरला. सुमतीनं त्यांना श्रीधरचा खेळ सांगून पाहिला. दुसऱ्याच दिवशी अडचण झाली. सरकारी ऑफिसच्या टेबलावर फासे पाहून सुपरवायझर म्हणाली, जुगार चालला आहे का इथे? तेव्हा गोपिकानं पदराच्या गाठीतून चिंचोके काढले. गोपिका नरखेडकडची, बापाची संत्र्याची बाग, चार भावांत एकटी शिकलेली आणि एकटीच नागपुरात खोली करून राहणारी. तिनं चिंचोके फरशीवर घासून अर्धे केले, एक बाजू पांढरी, एक काळी, असे पाच. "याले कोण जुगार म्हणते? हे तं आमच्या गावात पोट्ट्या बी खेळतेत." तीन किंवा जास्त पांढरे पडले की तुम्ही निभावलात. कमी पडले की... की काय? श्रीधरच्या खेळात आकडा कमी व्हायचा. सुमतीनं एका रात्रीत नाही, अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यातून एक वेगळा नियम काढला. शब्द जाईल. उजवीकडे बसलेली शेजारीण एक शब्द सांगेल, आणि खेळ संपेपर्यंत तो शब्द तुम्हाला उच्चारता येणार नाही. पाणी. घर. मी. नको. बारवेला सात टप्पे, प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी काही तरी विचारतं, आणि उत्तर तर द्यावंच लागतं. गावातली माणसं एकेक करून मुकी होत चालली आहेत, त्यांचे शब्द बारवेच्या तळाशी साठले आहेत, ते आणायला तुम्ही उतरला आहात. पाच वर्षं त्या सहा जणी उतरत राहिल्या. श्रीधरला तिनं टाइप केलेली पानं कौतुकानं दाखवली तेव्हा त्यानं चाळून परत दिली. "सुमे, यात नियम कुठे आहेत? ही भातुकली झाली." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं ते हसत म्हटलं होतं आणि विसरूनही गेला होता. पण सुमतीनं ती पानं कपाटात टाकली, एक प्रत गोपिकाच्या मावसभावानं होस्टेलवर नेली तेव्हा त्यावर नाव घातलं नाही, आणि पुढे एक्सचेंज बंद होऊन बिलांच्या काउंटरवर आल्यावर, स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, कधी कोणाला सांगितलंही नाही.

म्हणून ऋषिकेशच्या त्या 'पण'नंतर ती लगेच म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माझे नियम काही खरे नियम नाहीत." आणि मेट्रोत बसल्यावर तिला वाटलं, आपण कोणाच्या तरी अंगणातून चप्पल न घालता निघून आलो. गाडी शंकरनगरहून पूर्वेकडे निघाली. स्टेशनांची नावं सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज शांत, गोड आणि कुणाचाच नसलेला होता. लकडगंजजवळ तिचं घर, तिथल्या स्टेशनाचं नावच टेलिफोन एक्सचेंज. ते नाव त्या आवाजात ऐकलं की तिला रोज बरं वाटायचं. आज वाटलं नाही. घरी येऊन तिनं पुण्याला श्रीधरला फोन केला. तो आता सत्तरीला आलेला, गुडघे धरून बसलेला. "अरे वा," तो खरोखर आनंदून म्हणाला, "छापतायत? मग बाहेरचेच नियम घे. लोकांना ओळखीचं लागतं." तिनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि आपण काय रांधायला आलो होतो ते तिला आठवेना.

दामिनीनं तीन आठवडे खपून 'बारव' विलायती नियमांवर बसवली. मुलगी हुशार होती, आणि कामात लबाडी नव्हती. प्रत्येक टप्प्याला अडथळ्याचा आकडा, बारवेत राहणाऱ्या बाईला बळाचे बासष्ट, शब्द जाण्याऐवजी 'वाचाशक्ती' नावाचा एक आकडा, तो शून्यावर आला की पात्र मुकं. डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी चार तरुण खेळायला आले. सुमती भिंतीशी खुर्ची टाकून बसली. खेळ वेगानं चालला. पोरं हसली, ओरडली, वीस बाजूंचा फासा टेबलावर टणटणत राहिला. चौथ्या टप्प्यावर ती बाई पाण्यातून वर आली. ही सुमतीच्या गोष्टीतली सगळ्यात शांत जागा. बाई फक्त विचारते, इथेच राहतेस का? पण तिला बासष्ट बळ होतं आणि बळ असलेल्या माणसाचं काय करायचं ते पोरांना ठाऊक होतं. एकानं तलवार चालवली. अठरा. दुसऱ्यानं बाण मारला. तिसऱ्याच्या फाशावर वीस पडले आणि सगळी टाळ्या पिटत उभी राहिली. बाई मेली. "वाचाशक्ती किती उरली?" दामिनीनं विचारलं. "सात," एक जण म्हणाला आणि कागदावर खाडाखोड केली. मग सगळे सुमतीकडे वळले. "काकू, मस्त आहे!" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच मजा आली होती, आणि तिला त्यांच्यावर रागावता येईना. सात. तिच्या मनात तो आकडा फिरत राहिला. सात शब्द उरले तेव्हा आई कशी दिसत होती?

तो पावसाळा तिनं कोणालाच सांगितला नव्हता. अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत आईची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पण सगळं एकदम गेलं नाही. आधी नावं गेली. सुमती हे नाव गेलं, आई तिला 'ही' म्हणू लागली. मग पाणी गेलं. तहान लागली की आई माठाकडे पाहून म्हणायची, "ते, गारेगार, मातीतलं." मग गार गेलं. तेव्हा आईनं एके दिवशी डाव्या हाताची ओंजळ केली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आभाळ दे." सुमती पेला घेऊन आली तेव्हा आईच्या वाकड्या झालेल्या ओठांवर जे हसू होतं ते तिनं नंतर कुणाच्याही तोंडावर पाहिलं नाही. परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचं हसू. श्रीधर तेव्हा बदलीच्या गावी. तो महिन्यातून एकदा यायचा, आईच्या उशाशी बसून रडायचा, म्हणायचा, काही उरलं नाही गं आता. डॉक्टर म्हणायचे, सुधारणा नाही. आणि सुमती सकाळी आईची वेणी घालून ड्यूटीवर जायची, दुपारी डब्याच्या सुट्टीत बारवेचा एकेक टप्पा रचायची, आणि तिला पक्कं माहीत होतं की आई हरत नाहीये. ज्या बाईजवळ पाणी हा शब्द नाही ती बाई आभाळ मागते, आणि तिला पाणी मिळतं. हे हरणं नव्हे. याला काय म्हणायचं ते तेव्हा तिला सुचलं नाही, म्हणून तिनं त्याचा नियम केला. पुढच्या थंडीत आई गेली तेव्हा तिच्याजवळ चार शब्द उरले होते. त्यांतला एक ऐकायला हसण्यासारखा होता. आणि हे सगळं आपण भातुकली म्हणवून घेऊन कपाटात ठेवलं. एका माणसाच्या एका वाक्यापायी. आज त्या भिंतीशी बसून, चार आनंदी पोरांसमोर, सुमतीला पहिल्यांदा स्वतःचा राग आला आणि तो राग इतका स्वच्छ होता की तिला त्यात जवळजवळ बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नरखेडला जाणारी एसटी धरली. गोपिका निवृत्तीनंतर भावाशेजारी घर बांधून राहिली होती. संत्र्याचा आंब्या बहर तोडणीला आला होता, अंगणात क्रेट रचलेले. गोपिकानं तिला पाहून हातातलं टोपलं तसंच खाली ठेवलं. "काहून वं सुमे? न सांगता आली? तब्येत बरी आहे न?" सुमतीनं सगळं सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, ऋषिकेश, बासष्ट बळ, तलवार. आईचं मात्र सांगताना ती मध्येच क्रेटमधली संत्री सरळ करू लागली. गोपिका संत्रं सोलत होती. तिनं एक फोड सुमतीच्या हातावर ठेवली. "मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणे, शब्द गेला तं दुसऱ्या रस्त्यानं या. कोणी अशीच बसल्या बसल्या असं बोलते का? तुही माय बिमार होती, आमाले सगळ्याइले माहीत होतं. आमी तुले काही विचारलं नाही. आमी खेळत गेलो." सुमतीनं विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" "तू सांगत नव्हती तं मी काहून सांगू? पण आता ते पोरं तिले तलवारीनं मारून राहिले, अन् तू खुर्चीवर बसून पाहून राहिली! सुमे, तो खेळ तुहा नियमच आहे. नियम काढून घेतला तं मंग का उरलं? एक विहीर. विहिरी का कमी आहेत आमच्याकडे?" सुमती हसली. हसता हसता तिनं ती फोड तोंडात टाकली, आणि आंबटगोड रस जिभेवर फुटला तेव्हा तिचं ठरून गेलं होतं.

ऋषिकेशला तिनं फोनवर सांगितलं नाही. समोर जाऊन सांगितलं. तिच्या अंगावर लिंबू रंगाचं पातळ होतं. "तुमच्या दामिनीनं मेहनत केली आहे. तिचे नियम चुकीचे नाहीत. पण त्या नियमांवर 'बारव' छापायची नाही. माझ्याच नियमांवर छापायची, नाही तर छापायचीच नाही." ऋषिकेशचा चेहरा उतरला. "काकू, बंगळुरूवाले निघून जातील." "जाऊ द्या." "लोक म्हणतील, हे काय, पाच चिंचोके अन् एक शब्द?" "म्हणू द्या. येत्या रविवारी दुपारी पाच जण बसवा. मी सांगते खेळ. दामिनी, तूही बस. खेळायला."

तो रविवार तिला नंतर जसाच्या तसा आठवायचा. खिडकीतून जानेवारीचं पिवळं ऊन टेबलावर पडलेलं. दोन तरुण, दामिनी, स्वतः ऋषिकेश, आणि दामिनीच्या उजव्या हाताला पहाटेची गाडी धरून आलेली गोपिका, डोक्यावर पदर आणि डोळ्यांत जुना चावटपणा. सुमतीनं बोलायला तोंड उघडलं. मग आवाज आला. तिचा हा आवाज तीस वर्षांत तिनं ऐकला नव्हता. मोठा नाही, घाईचा नाही, दूरवरच्या माणसाच्याही कानाशी जाऊन थांबणारा ऑपरेटरचा आवाज. खोलीतली पोरं हळूहळू पुढे वाकली. पहिल्या टप्प्यावर ऋषिकेशचा 'पैसा' गेला, लगेच धंद्याची गोष्ट करताना त्याची तारांबळ उडाली आणि सगळे हसून लोटपोट. दुसऱ्यावर एकाचं स्वतःचं नाव गेलं. तिसऱ्यावर दामिनीचे फक्त दोन पांढरे पडले. गोपिकानं तिच्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "तुहा 'नाही' गेला. नको बी गेलं, ते एकच आहे." आणि मग चौथा टप्पा आला, पाण्यातून ती बाई वर आली, आणि सुमतीनं तिच्या आवाजात दामिनीला विचारलं, "दमलीस का गं? वर ऊन आहे. खाली गार आहे. इथेच राहतेस का माझ्याजवळ?" दामिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्यापाशी नकार नव्हता. खाली रस्त्यावर कोणी तरी स्कूटर सुरू केली, ती गेली, तरी ती मुलगी तशीच बसून होती, कपाळावर आठी, ओठ हलताहेत, आणि सुमतीला ती आठी ओळखीची होती, ती आत कुठे तरी दारं उघडून पाहणाऱ्या माणसाची आठी होती. या खेळात गप्प राहणं म्हणजे हो, आणि हो म्हणजे कायमचं खालीच. दामिनीला ते माहीत होतं. तिचे डोळे भरून आले. मग ती एकदम म्हणाली, "माझ्या चपला वर आहेत. पायरीवर. उन्हानं तापल्या असतील."

मग गोपिकानं टेबलावर थाप मारली, "अव्वा! सुटली पोट्टी!" आणि सगळी खोली उठली. ऋषिकेश खुर्ची मागे पाडून उभा राहिला, एक पोरगा शिटी मारत होता, दामिनी रडत आणि हसत दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. सुमतीला सांगणारीचं काम पुढे चालवायचं होतं, बाईला पाण्यात परत पाठवायचं होतं, पण तिला नुसतं बसून राहावंसं वाटलं. आभाळ दे, असं म्हणणारी आई एकटीच नव्हती. वाट असते. कोणालाही सापडू शकते. फक्त नियम बरोबर पाहिजे. खेळ संपायला साडेसहा वाजले. सातव्या टप्प्यावरून पाच जणांतले चौघे शब्द घेऊन वर आले. माडीचा जिना उतरताना दामिनीनं तिचा हात धरला. "काकू, माझी फाइल काढून टाका. मी त्या बाईला बासष्ट बळ दिलं होतं." "दिलं नसतंस तर मला कळलं नसतं," सुमती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बंगळुरूवाले निघून गेले. ऋषिकेशनं पाचशे प्रती मराठीतच काढल्या, पुस्तकासोबत कापडाच्या पिशवीत पाच चिंचोके, नियम फक्त दीड पान. पहिल्या पानावर सुमतीचं पूर्ण नाव. तिनं एक प्रत श्रीधरला पाठवली. त्याचा फोन आला. "आईचं आहे ना हे?" त्यानं विचारलं. "हो." "मला तेव्हा दिसलं नाही, सुमे." "मीच नीट दाखवलं नव्हतं," ती म्हणाली, आणि दोघं भावंडं पावसाबद्दल, गुडघ्यांबद्दल, मग पुन्हा आईबद्दल बोलत राहिली. पाचशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसरी आवृत्ती निघाली. शाळेतल्या बाई, बँकेतल्या बायका, होस्टेलची पोरं, वाचा गेलेल्या माणसांवर उपचार करणारी एक डॉक्टर, कोणकोण खेळत होतं याचा पत्ताच लागेना.

मग ऑगस्टात कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. पॅकिंग विभागातल्या दिपाली नावाच्या बाईनं लिहिलं होतं, आम्ही जेवणाच्या सुट्टीत 'बारव' खेळतो, तुम्ही एकदा या. सुमती आणि गोपिका मिळून गेल्या. पत्र्याच्या शेडखाली लांब टेबल, निळ्या एप्रनमधल्या आठ बायका, उघडलेले डबे, ठेचा, भाकरी, मध्ये चिंचोके. दिपालीनं त्यांना बसवलं आणि जरा भीतभीत म्हणाली, "ताई, एक गोष्ट सांगायची होती. रागावू नका. आमी तुमचा नियम बदलवला." सुमतीनं हातातला घास खाली ठेवला. "कसा बदलला?" "पुस्तकात शब्द जाते अन् बारवेत पडते. आमाले ते जमलं नाही. आमच्यात शब्द गेला तं तो शेजारणीपाशी जाते. ती सांभाळते. तुमाले लागला तं तिले कोपर मारा, ती तुमच्यासाठी बोलते. फक्त तुमी तिच्याजवळच बसलं पाहिजे, उठून गेलं तं संपलं." सुमतीच्या डोळ्यांसमोर खाटेवरची आई आली, आणि खाटेशेजारी बसलेली चोवीस वर्षांची एक मुलगी, जी दारात आलेल्या माणसांना सांगत होती, तिला पाणी हवंय, तिला खिडकी उघडून हवी आहे, ती विचारते आहे तुमचा मुलगा कसा आहे. शेवटी आईचे सगळे गेलेले शब्द ती मुलगीच बोलत होती. सुमतीला ते तेव्हाही दिसलं नव्हतं, नियम लिहितानाही नाही. या बायकांना दिसलं होतं. "रागावल्या का ताई?" दिपालीनं विचारलं. "नाही गं," सुमती म्हणाली. "हाच खरा आहे. पुढच्या छपाईत हा घालू. तुमच्या नावानं."

टेबलावर एकच गलका झाला. कोणी तिच्या पानात आणखी ठेचा वाढला, गोपिका कोणाला तरी नरखेडच्या संत्र्यांचं आमंत्रण देऊन बसली. "चला, सुट्टी संपायच्या आत एक टप्पा होऊन जाऊ दे," दिपाली म्हणाली. "ताई, तुमी खेळा. मी सांगते." सुमतीनं हात मागे घेतला. "मी नेहमी सांगते. मी कधी खेळले नाही." "मंग आज खेळा नं." सगळ्या जणी सरकल्या, बाकावर तिच्यासाठी जागा झाली, डावीउजवीकडून दोन अनोळखी खांदे तिला लागले. दिपालीनं डोळे मिटून क्षणभर विचार केला. "आपण सातव्या टप्प्यावर आहो. खाली पाणी नाही. पाण्याच्या जागी अजून एक पायरी आहे. तिच्याखाली अजून एक. हा आठवा टप्पा." "आठवा पुस्तकात नाही," सुमती म्हणाली. "नाही," दिपाली म्हणाली. "हा आमचा आहे. उतरता का?" सुमतीनं चिंचोके ओंजळीत घेतले. खाली काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. "उतरते," ती म्हणाली.